कंट्रोल-एफ-नाइन दाबलं आणि सगळंच बंद झालं

सबमिशनला तीन दिवस उरले होते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची बॅच लॅबमध्ये, एका मशीनवर दोघं-दोघं, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "सर, गेलं!" दोन मिनिटांनी दुसऱ्या रांगेतून तेच. अर्धा तास खपून लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम लिहायचा, सवयीनं कंट्रोल-एफ-नाइन दाबायचं, आणि प्रोग्रॅम चालायच्या ऐवजी समोरची खिडकीच गायब. सेव्ह केलेलं नसेल तर लिहिलेलंही गेलं.

हे प्रकरण २०१३ सालचं. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावचं पॉलिटेक्निक, एवढं पुरे. मी तिथे सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकवायचो, टर्बो सी प्लस प्लस या निळ्या पडद्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर. "अजून पोरं त्या निळ्या पडद्यावर सी शिकतात? त्यांना नवं काही नको असतं का?" असं मला पुण्यातले मित्र विचारायचे, तेव्हा मी हसून सोडून द्यायचो. त्या सहामाहीत मात्र हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. त्याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी खिडकी का गायब झाली ते सांगतो. जूनमध्ये लॅबला नवी मशीन आली होती. चार जीबी रॅम, चौसष्ट बिटचं विंडोज सेव्हन. आधीच्या मशीनवर एक्सपी होतं आणि त्यावर टर्बो सी प्लस प्लस ३.० विनातक्रार चालायचा. तो मुळात डॉसचा, सोळा बिटचा प्रोग्रॅम. बत्तीस बिटच्या विंडोजमध्ये अशा प्रोग्रॅमसाठी आत एक नकली डॉस ठेवलेला असायचा. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये तो नाही, कारण प्रोसेसर चौसष्ट बिटच्या अवस्थेत गेला की ज्या सोयीवर तो नकली डॉस उभा होता ती सोयच मिळत नाही. त्यामुळे नव्या मशीनवर टर्बोच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की "ही फाइल तुमच्या विंडोजला चालणारी नाही" अशा अर्थाचा इंग्रजी निरोप यायचा आणि विषय संपायचा.

मला खरं तर आनंद झाला होता. आपण इतकी वर्षं जे म्हणत होतो ते आता विंडोजनंच केलं, असं वाटलं. मी सगळ्या मशीनवर कोड ब्लॉक्स हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्यासोबत जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणारं साधन. फुकट, कायदेशीर, चालू काळातलं. पहिल्या प्रॅक्टिकलला उत्साहानं दाखवलं. पोरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात वर्गातला एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, "सर, डॉसबॉक्समध्ये टर्बो चालतो. सिनिअरनी दिलंय. टाकू का?"

डॉसबॉक्स हे जुने डॉसचे गेम नव्या मशीनवर खेळता यावेत म्हणून काही हौशी लोकांनी केलेलं सॉफ्टवेअर. ते अख्ख्या जुन्या पीसीची नक्कल करतं, त्यामुळे त्यात टर्बोही चालतो. घोळ एकच, पण मोठा. टर्बोमध्ये कंट्रोल-एफ-नाइन म्हणजे प्रोग्रॅम चालवा. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ-नाइन म्हणजे डॉसबॉक्स तत्काळ बंद करा, काही न विचारता. टर्बोमध्ये कंट्रोल-एफ-वन दाबलं की कर्सरखालच्या शब्दाची मदत उघडते. डॉसबॉक्समध्ये त्याच कळांनी कळांची मांडणी बदलायचा पडदा उघडतो. नेमक्या रोजच्या वापरातल्या दोन जोड्या, आणि दोन्हींची टक्कर. मी शेवटी सगळ्या मशीनवर बंद करण्याची कळ बदलून टाकली. पण तोवर बऱ्याच जणांचे प्रोग्रॅम जाऊन झाले होते. हुशार पोरांनी तोड आधीच शोधली होती: ऑल्ट-आर दाबून मेनू उघडायचा आणि एंटर मारायचा.

आता गंमत पाहा. शेजारी कोड ब्लॉक्स निमूट बसलेलं. त्यात एक बटण दाबलं की प्रोग्रॅम चालतो, काही गायब होत नाही. तरी पोरं ज्यात काम बुडतं त्यातच परत परत जात होती. मला ते आधी हट्टीपणाचं वाटलं. मग मी एकेकाला विचारत गेलो.

पहिलं उत्तर जर्नलचं. आमच्या लॅब मॅन्युअलमधला प्रत्येक प्रोग्रॅम आयओस्ट्रीम डॉट एच आणि कॉनिओ डॉट एच या दोन ओळींनी सुरू व्हायचा, मग व्हॉइड मेन, मग क्लिअर स्क्रीन, आणि शेवटी गेटसीएच. हे मॅन्युअल दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं, आणि दरवर्षी त्याची झेरॉक्स. तो प्रोग्रॅम जसाच्या तसा कोड ब्लॉक्समध्ये टाकला की पहिल्या ओळीलाच त्रुटी: आयओस्ट्रीम डॉट एच नावाची फाइल सापडली नाही. कारण ते डॉट एच सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरलं तेव्हाच गेलं. पुढची त्रुटी: सीआउट (पडद्यावर छापायची आज्ञा) ओळखीचं नाही, कारण आता ते एसटीडी नावाच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, राहतं. पुढची: मेन पूर्णांकच परत करायला हवा, व्हॉइड चालणार नाही. मग क्लिअर स्क्रीन कुठेच नाही. सतरा वर्षांच्या पोराला, ज्याला अजून फॉर लूप नीट कळलेला नाही, पहिल्याच ओळीपासून चार त्रुटी. मॅन्युअल बरोबर की मशीन? मॅन्युअलवर सही असते. त्यामुळे मशीन चूक.

इथे क्लिअर स्क्रीनबद्दल थोडं थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. टर्बोमध्ये प्रोग्रॅमचं उत्तर एका वेगळ्या काळ्या पडद्यावर येतं आणि मागच्या वेळचं उत्तरही तिथेच पडून राहतं. म्हणून सुरुवातीला पडदा पुसायचा. आणि प्रोग्रॅम संपला की टर्बो क्षणात परत निळ्या पडद्यावर येतो, उत्तर वाचायला वेळच मिळत नाही, म्हणून शेवटी गेटसीएच, म्हणजे "एक कळ दाबेपर्यंत थांब". दोन्ही गोष्टी टर्बोच्या पडद्याच्या सोयीसाठी, सी भाषेशी त्यांचा संबंध नाही. पण माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या मते ते भाषेचं व्याकरण होतं. लेखी पेपरात, जिथे पडदाच नाही, तिथेही पोरं पेनानं क्लिअर स्क्रीन लिहायची. न लिहिल्यास मार्क कापले जातात असा त्यांचा समज होता. तो समज अगदीच निराधार होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरं उत्तर मला एका मुलीनं दिलं, आणि ते ऐकून मी गप्प झालो. ती म्हणाली, "सर, इंटचा साइज तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चार येतो. पेपरात चार लिहिलं तर चूक देतात."

खरं होतं. इंट म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार. टर्बो सोळा बिटचा, त्यामुळे त्यात इंट दोन बाइटचा, उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच आकड्यांचा. आमच्याकडची क्रमिक पुस्तकं, गाईडं, जुने पेपर, सगळीकडे उत्तर "दोन बाइट". जीसीसीमध्ये तोच इंट चार बाइटचा. भाषेनं कधीच दोन किंवा चार असं ठरवलेलं नाही. किमान मर्यादा सांगितली आहे आणि बाकी कंपायलरवर सोडलं आहे. पण बहुपर्यायी प्रश्नात "कंपायलरवर अवलंबून" हा पर्यायच नसेल तर पोरानं काय करावं? ज्या यंत्रावर पेपरातलं उत्तर खरं ठरतं तेच यंत्र ते धरून ठेवणार. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

त्या दिवसापासून मी पोरांना दोष द्यायचं बंद केलं. त्यांना जुन्याची ओढ नव्हतीच. टर्बो १९९१ चा आहे हे त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीतही नव्हतं. ते सगळे त्यानंतर जन्मलेले. मॅन्युअल, जर्नल, पेपर, ओरलचे प्रश्न आणि सिनिअरचा पेनड्राइव्ह, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं आणि त्या गुंत्याच्या मधोमध तो कंपायलर. मी एक खुंटी उपटायला गेलो तर अख्खी दावण हलली.

पण एवढ्यावर थांबलो तर टर्बोवर अन्याय होईल. तो आपल्याकडे आला तो चांगला होता म्हणूनच. बोर्लंड ही कॅलिफोर्नियातली कंपनी. १९८३ साली त्यांनी टर्बो पास्कल काढला, किंमत ४९.९५ डॉलर, त्या काळी बाकीचे कंपायलर शेकड्यांत विकले जात असताना. एडिटर, कंपायलर आणि चुका दाखवण्याची सोय एकाच खिडकीत. त्याचा कर्ता अँडर्स हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि सी शार्प व टाइपस्क्रिप्टच्या मागेही तोच. म्हणजे आज जी पोरं टर्बोला हसून टाइपस्क्रिप्ट शिकतात ती त्याच माणसाच्या अंगणात खेळतात. टर्बो सी १९८७ चा, टर्बो सी प्लस प्लस १९९० चा. आपल्याकडे तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेला, पावती कुणी मागितली नाही, आणि नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकानं सी भाषा घराघरांत नेली. त्यातले प्रोग्रॅम हातातल्या टर्बोत लगेच चालायचे, ही सोय फार मोठी होती.

आणखी एक योगायोग. जीसीसीची पहिली आवृत्तीही १९८७ चीच. म्हणजे टर्बो सी आणि जीसीसी एका वयाचे. एक वाढत राहिला, दुसऱ्याची वाढ मालकानं थांबवली. बोर्लंडनं कंपायलरचा धंदा २००८ साली दुसऱ्या कंपनीला विकला आणि पुढच्याच वर्षी स्वतःही विकली गेली. त्यामुळे "जुनी भाषा, नवी भाषा" हा वादच मला थोडा फसवा वाटतो. सी प्लस प्लस म्हातारी झालेली नाही. १९९८ नंतर २०११, २०१४, २०१७, २०२० अशी तिची नवी प्रमाणं येत गेली. आमच्या लॅबमध्ये जी बोलली जात होती ती तिची १९९१ ची बोली, बाकी जगानं केव्हाच सोडलेली.

तिसरं कारण पोरांनी सांगितलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. ते ग्राफिक्सचं.

टर्बोमध्ये ग्राफिक्स डॉट एच आहे. एक इनिटग्राफची ओळ, त्यात बीजीआय (बोर्लंडच्या ग्राफिक्सच्या फाइली) फोल्डरचा पत्ता, आणि मग सर्कल म्हटलं की पडद्यावर वर्तुळ. ६४० बाय ४८० ठिपके, सोळा रंग. बस. पत्ता चुकला तर "बीजीआय एरर: ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड", लिंकरच्या (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणाऱ्या भागाच्या) यादीत ग्राफिक्सवर खूण नसेल तर "अनडिफाइन्ड सिंबल", आणि या दोन्हींचे उपाय प्रत्येक पोराला पाठ. पण एकदा चाललं की चाललं. मिनी प्रोजेक्टला कुणी चालणारी गाडी करायचा, कुणी घड्याळ, कुणी चोवीस आऱ्यांचा तिरंगा. आऱ्यांसाठी साइन-कोसाइन वापरावं लागायचं, आणि गणितात केटी असलेला मुलगा त्या चोवीस रेघा बरोबर पंधरा-पंधरा अंशांवर बसवून दाखवायचा. मी कोड ब्लॉक्स दाखवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "यात सर्कल कसं काढायचं?" माझ्याकडे पाच ओळींचं उत्तर नव्हतं. वेगळी लायब्ररी उतरवा, जोडा, लिंकरला सांगा. मीच ते घरी करताना एक संध्याकाळ घालवली होती. आधुनिक साधनं ताकदीची आहेत हे खरं, पण पहिल्या दिवशी वर्तुळ काढायचं असेल तर ती पोराला दारातच उभं करतात.

त्याहून मोठी गोष्ट पॉइंटरची. पॉइंटर म्हणजे पत्ता हे शिकवून शिकवून घसा बसतो आणि पोरं "हो सर" म्हणतात. टर्बोमध्ये मी एक प्रयोग दाखवायचो. डॉसमध्ये पडद्यावरची अक्षरं एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवलेली असतात, सोळाच्या पायात बी-आठ-शून्य-शून्य-शून्य. ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट: एकात अक्षर, दुसऱ्यात रंग. एक "फार" (इंग्रजी far, लांबच्या पत्त्यापर्यंत पोचणारा) पॉइंटर घ्यायचा, त्याला हा पत्ता द्यायचा, आणि पहिल्या बाइटमध्ये "ए" लिहायचा. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात "ए" उमटतो, प्रिंटएफ न लिहिता. मग लूप लावायचा आणि सगळ्या चार हजार बाइटमधला एकाआड एक बदलायचा, अख्खा पडदा रंग पालटतो. वर्गात हमखास "ओ!" असा आवाज यायचा. नव्या विंडोजवर तोच प्रोग्रॅम जीसीसीत केला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला तिथल्या तिथे मारून टाकते, आणि ते योग्यच आहे. कुठल्याही प्रोग्रॅमनं कुणाच्याही मेमरीत लिहावं असं आज कुणी म्हणणार नाही. पण पॉइंटर डोळ्यांना दाखवायचा तो रस्ता बंद झाला. मी तसा दुसरा रस्ता अजून शोधतोय.

तर हे चांगलं. वाईट काय झालं ते हिवाळ्यात कळलं.

शेवटच्या वर्षाच्या काही पोरांची एका कंपनीसाठी ऑनलाइन चाचणी होती. ब्राउझरमध्ये कोड लिहायचा, पलीकडे लिनक्सवरचा जीसीसी. आमच्या सगळ्यात हुशार मुलाला प्रश्न सोपा वाटला. त्यानं दहा मिनिटांत लिहिला, तोंडपाठ असलेल्या त्याच पाच ओळींनी सुरुवात करून. कंपाइल एरर. त्यानं व्हॉइड मेन बदललं नाही, कारण तिथे चूक असू शकते हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. त्यानं लूप तपासला. तर्क तपासला. पुन्हा लूप. एकदा एक त्रुटी गेली तर दुसरी: पहिल्या फॉर लूपच्या आत जाहीर केलेला "आय" दुसऱ्या लूपमध्ये ओळखू येईना. टर्बोच्या जुन्या नियमानं तो "आय" लूपच्या बाहेरही जिवंत राहतो, आणि दुसऱ्या लूपमध्ये पुन्हा जाहीर केला तर उलट टर्बोच ओरडतो. प्रमाण ठरल्यावर नियम बरोबर उलटा झाला. ज्याला टर्बो चांगला येतो त्यालाच ही चूक होते. कच्च्या पोराला होत नाही. वेळ संपला. तो बाहेर आला तेव्हा म्हणाला, "सर, माझं लॉजिक बरोबर होतं." होतंच.

त्याला स्ट्रिंगचा (मजकुराचा) प्रकार माहीत नव्हता, व्हेक्टर (हवी तशी वाढणारी यादी) माहीत नव्हता, कारण टर्बोत ते नाहीतच. तीन वर्षं सी प्लस प्लस शिकून तो भाषेच्या सगळ्यात उपयोगी भागाशिवाय बाहेर पडत होता. यात त्याची चूक किती आणि माझी किती, हे मी त्या रात्री मोजलं. हिशेब माझ्या बाजूनं येत नव्हता. नवं सॉफ्टवेअर मशीनवर टाकणं म्हणजे शिकवणं, असा माझा समज होता. मॅन्युअलला मी हात लावला नव्हता. तो लावणं त्रासाचं होतं, सही मागावी लागली असती.

जानेवारीत मी एचओडी मॅडमकडे गेलो. टर्बो काढून टाकायचा प्रस्ताव घेऊन नाही. तो चुकीचा होता हे कळलं होतं. मी एवढंच म्हटलं की मॅन्युअलमधला प्रत्येक प्रोग्रॅम दोनदा छापू, एकदा टर्बोसाठी, एकदा जीसीसीसाठी, आणि ओरलला पोरगं कुठलाही दाखवेल तो चालेल. मॅडम म्हणाल्या, "एक्स्टर्नल ऐकतील का?" मी म्हटलं, "मी त्यांना आधी फोन करतो." मॅडमनी सही केली, पण "झेरॉक्सचा खर्च दुप्पट होईल," हेही ऐकवलं.

आणि एक प्रॅक्टिकल मी नवं घातलं, जे अभ्यासक्रमात नव्हतं. फॅक्टोरिअल, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. दोन खिडक्या शेजारी-शेजारी, एकीत टर्बो, दुसरीत कोड ब्लॉक्स, कोड जवळपास एकच. सातपर्यंत दोन्हींचं उत्तर जुळतं, ५०४०. आठला टर्बो म्हणतो उणे २५२१६. पोरं हसतात. नवाला उणे ३०३३६. दहाला टर्बो म्हणतो २४३२०, आणि इथे हसू थांबतं, कारण हे उत्तर धन आहे, बरं दिसतं आणि तरी साफ चूक आहे. खरं उत्तर ३६,२८,८००. मग कुणीतरी म्हणतं, "सर, म्हणजे तुमचाच बरोबर." मग मी जीसीसीला तेरा द्यायला सांगायचो. बारापर्यंत बरोबर चाललेला जीसीसी तेराला १९३२०५३५०४ असं रुबाबदार उत्तर देतो, जे खऱ्या उत्तराच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नाही. वर्ग शांत. "आता कुणाचा बरोबर?"

इंटचा साइज किती, हा प्रश्न त्या दिवसानंतर मला त्या बॅचला शिकवावा लागला नाही. पोरं आपणहून साइझऑफ, म्हणजे कशाला किती बाइट लागतात ते, छापून बघायला लागली. सगळी नाही. पण त्या खिडक्या शेजारी ठेवल्या नसत्या तर हे घडलं नसतं, आणि टर्बो काढून टाकला असता तर शेजारी ठेवायला काही उरलं नसतं.

ओरलचा प्रसंग सांगायला हवा. एक्स्टर्नल सर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, वयानं मोठे, स्वभावानं चांगले. त्यांनी त्या "पेपरात चूक देतात" म्हणणाऱ्या मुलीलाच विचारलं, "इंट किती बाइटचा?" ती म्हणाली, "कुठल्या कंपायलरवर, सर?" सर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता बिघडलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे दुसरा कंपायलर आहे का?" तिनं दोन्ही खिडक्या उघडून दाखवल्या. सरांनी स्वतः खुर्ची ओढली, साइझऑफ लाँग बघितला, साइझऑफ पॉइंटर बघितला, आणि पुढची पाच मिनिटं बाकीची बॅच बाहेर ताटकळत उभी होती. जाताना ते कोड ब्लॉक्स आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन गेले. लेखी पेपरात मात्र उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रश्न आला, चार पर्यायांसह, आणि ती दोन बाइट लिहून आली. "मार्क सोडायचे कशाला?" तिचं म्हणणं.

पुढच्या काही वर्षांत बाहेरचं चित्र भराभर बदललं. सीबीएसईनं बारावीतून सी प्लस प्लस काढून पायथन आणली. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला पायथन आली. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे लिनक्सवर, जीसीसी वापरून आहेत, मराठीतूनही ऐकता येतात; ते आम्हाला खूप कामाला आले, कारण इंग्रजी त्रुटी वाचून घाबरणाऱ्या पोराला कुणीतरी मराठीत "ही त्रुटी का आली बघू या" म्हणणं हेच अर्धं शिकवणं असतं. दुसरीकडे आपल्या बारावीच्या बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली पोरं इंटेलनं १९७६ साली आणलेल्या ८०८५ या प्रोसेसरवर असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा) शिकून आमच्याकडे यायची. त्यांना विचारलं की बायफोकल का घेतलं, तर उत्तर ठरलेलं: दोनशे मार्कांचा विषय, स्कोअरिंग आहे, आणि बायोलॉजी सुटतं. ८०८५ बद्दल प्रेम असं कुणाला नव्हतं. पण मला एक गोष्ट दरवर्षी दिसायची: ज्यानं हातानं प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये आकडे हलवलेत त्याला पॉइंटर लवकर कळतो. जुनं म्हणून टाकायचं की नाही, हे वयावरून ठरवता येत नाही, एवढं मी शिकलो होतो.

मॅन्युअलची दुहेरी आवृत्ती दोन वर्षं चालली. तिसऱ्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला, मॅन्युअल नव्यानं झालं आणि त्यात टर्बो राहिला नाही. क्लिअर स्क्रीन मात्र दोन प्रोग्रॅममध्ये चुकून राहून गेलं होतं. छापून आल्यावर कळलं.

मशीनही आता दोनदा बदलून झाली. विंडोज अकरा चौसष्ट बिटचंच येतं, त्यामुळे टर्बो सरळ चालायचा प्रश्नच मिटला. दर जूनला लॅब असिस्टंट सगळ्या डिस्क पुसून नवी इमेज, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरची तयार प्रत, टाकतो. त्यात डॉसबॉक्स नसतं, टर्बो नसतो, मी स्वतः तपासतो. ऑगस्टमध्ये कधीतरी बघावं तर डी ड्राइव्हवर "टीसी" नावाचं फोल्डर असतं, सगळ्या मशीनवर, आणि आत कंट्रोल-एफ-नाइनची टक्कर कुणीतरी आधीच मिटवून ठेवलेली. कोण टाकतं ते मी विचारत नाही. फॅक्टोरिअलचं प्रॅक्टिकल सप्टेंबरमध्ये असतं, तेव्हा मला ते लागतंच.